बुटांच्या दुकानातली बाई

१

सकाळचा चहा झाला की भिंगवाले खुर्ची फिरवून बसत, भिंतीकडे पाठ करून. त्या बाजूने पेपरवर उजेड चांगला पडतो, असं ते सांगत. उजेड दोन्हीकडून सारखाच पडत होता. खरं कारण ती भिंत होती.

भिंतीवर छत्तीस मुखपृष्ठं होती. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या सचित्र साप्ताहिकांची, काचेच्या फ्रेममध्ये, सहा-सहाच्या सहा ओळींत. केक कापणाऱ्या बायका, शिडीवर चढलेले नवरे, छत्री तोंडात धरून चालणारी कुत्री. सगळ्यांचे दात सारखे. जगात कधी कुणाचं काही दुखलं-खुपलं नाही, असं छत्तीस वेळा सांगणारी ती भिंत भिंगवाल्यांना पाहवत नसे.

भिंगवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. एका मोठ्या छापखान्यात त्यांनी एकोणतीस वर्षं रंगीत छपाई तपासली. गळ्यात दोरी, दोरीला भिंग. यंत्रातून कागद आला की भिंग लावायचं आणि मान हलवायची. मान बहुधा नकाराची असे. मशीनवरची माणसं त्यांना घाबरत आणि पाठीमागे त्यांची नक्कल करत, हे त्यांना ठाऊक होतं. त्या माणसांबद्दल त्यांचं मत फार बरं नव्हतंच, त्यामुळे नकलेचं वाईट वाटलं नाही.

भिंत बायकोची होती. ती शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. भिंगवाले तेव्हा नऊ तास एका बाकावर बसून होते. त्या नऊ तासांबद्दल ते नंतर कुणाशी बोलले नाहीत. ती घरी आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, मन रमेल असं काहीतरी करू द्या. तिने मुखपृष्ठं जमवायला घेतली. भिंगवाले काही बोलले नाहीत. म्हणजे, त्यांच्या मानाने काही बोलले नाहीत.

"ही मेणबत्ती पेटवतेय का स्वतःचे केस?"

"बघू नका ना मग."

"न बघायला जागा कुठे ठेवलीयस?"

"वर आहे की छत," ती म्हणाली. "तिथे अजून काही लावलं नाही मी."

यावर ती हसली, आणि हसताना छातीवर हात धरला. टाके भरून आले तरी ती सवय राहिली होती. भिंगवाल्यांनी पेपर वर केला.

२

सदतिसावं मुखपृष्ठ आलं ते तिच्या बहिणीबरोबर. धाकटी बहीण आणि तिचा नवरा रविवारी येत. नवरा, म्हणजे भिंगवाल्यांचा साडू, हा आनंदी माणूस होता आणि भिंगवाल्यांच्या मते ही त्याची एकमेव लायकी होती. त्याने आपल्याही घरात अशी भिंत केली होती, पण इंटरनेटवरून चित्रं काढून, घरच्या प्रिंटरवर.

"लांबून काही फरक कळत नाही," साडू म्हणाला.

"किती लांबून?" भिंगवाल्यांनी विचारलं. "शेजारच्या घरातून?"

"भाऊजी, तुम्हाला आवडलेली एक गोष्ट सांगा," मेहुणी म्हणाली. "एकच. मी लिहून ठेवते."

"त्यांना मी आवडते," बायको म्हणाली, "पण माझ्यातही दुरुस्त्या सुचवतात."

आणलेलं मुखपृष्ठ तिने फ्रेममध्ये बसवलं. मोठ्या भिंतीवर जागा नव्हती, म्हणून आतल्या खोलीच्या दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर ते लावलं. भिंगवाल्यांना दिवसातून वीस वेळा तिथून जावं लागे.

चित्र बुटांच्या दुकानाचं होतं. एक बाई पाय पुढे करून बसलेली, बुटक्या स्टुलावरचा विक्रेता तिच्या पायात बूट घालतोय, आजूबाजूला उघडी खोकी. तेच दात. मागे कोठाराच्या दारात आणखी एक बाई उभी होती, करड्या कोटातली. तिचे रंग सरकलेले होते.

रंगीत चित्र चार वेळा छापतात. पिवळा, लाल, निळा, काळा, एकावर एक. चारही नेमके बसले तर गाल गालासारखा दिसतो. एखादा जरा सरकला की वस्तूच्या एका कडेने लाल रेघ निघते, दुसरीकडून निळी, आणि चेहऱ्याचा लगदा होतो. करड्या कोटातल्या बाईचं तसंच झालं होतं. डाव्या खांद्याबाहेर लाल, उजव्या खांद्याबाहेर निळा, तोंडाच्या जागी तीन तोंडांची खिचडी.

"हे पास केलं कोणी," भिंगवाले पुटपुटले आणि सवयीने खणातून भिंग काढून आणलं. भिंगाच्या काचेवर मापाच्या रेघा होत्या. बाईचे रंग दोन मिलिमीटर सुटलेले होते. एवढा सुटलेला कागद त्यांच्या छापखान्यात जमीन पुसायलासुद्धा दिला नसता.

मग त्यांनी भिंग विक्रेत्यावर नेलं. विक्रेता नेमका होता. बसलेल्या बाईचे बूट नेमके, खोकी नेमकी, खोक्यांवरच्या दोऱ्या नेमक्या. कोठाराच्या दाराची चौकट, जी करड्या बाईच्या कोपराला चिकटून होती, तीही नेमकी.

भिंगवाले बराच वेळ तिथे उभे राहिले. रंग सरकतो तेव्हा अख्खा कागद सरकतो. कागदावरचा एक माणूस सरकत नाही. तसं होऊच शकत नाही, जसं घर हललं आणि त्यातली एकच खुर्ची हलली असं होत नाही.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. गाढवांनी काम केलंय."

"तुमच्या ओळखीची होती का ती गाढवं?"

३

दुसऱ्या दिवशी ते ज्या दुकानातून मुखपृष्ठ आलं होतं तिथे गेले. दुकानदाराला ते मनात कात्रीवाला म्हणत. तो जुनी साप्ताहिकं आणायचा, मुखपृष्ठं कापून पारदर्शक पिशव्यांत घालायचा आणि आतला मजकूर रद्दीत टाकायचा. माणसाचा चेहरा ठेवून बाकीचा माणूस फेकून देण्यासारखं ते आहे, असं भिंगवाल्यांना वाटे, आणि त्या चेहऱ्यांसाठी माणसं लांबून येतात याची त्यांना किळस येई.

"बुटांचं दुकान," ते म्हणाले. "त्याच अंकाची दुसरी प्रत आहे?"

"काका, पहिली बिघडली का?"

"पहिली छापतानाच बिघडलीय."

कात्रीवाल्याने तीन खोकी उपसली आणि एक प्रत काढली. हिला अजून कात्री लागलेली नव्हती. तोच अंक, तीच तारीख. बाई, विक्रेता, खोकी, कोठाराचं दार. दारात कुणी नव्हतं. आत फळ्यांवर बुटांची खोकी रचलेली दिसत होती, एकावर एक, शेवटपर्यंत.

"इथे बाई होती एक," भिंगवाल्यांनी बोट ठेवलं.

"मग काढली असेल. छापता छापता बदल करत असतील ना."

"छापता छापता बदल," भिंगवाल्यांनी त्याचे शब्द चिमटीत धरल्यासारखे उच्चारले. "दहा लाख प्रतींच्या मध्ये यंत्र थांबवून, चार प्लेटा नव्याने करून, एक बाई काढायची. कशासाठी? तिला घरी काम होतं?"

"तुमचं ज्ञान मोठं आहे, काका," कात्रीवाला शांतपणे म्हणाला. "पण मला विचाराल तर रिकामं दार बरं दिसतं. तुमच्या प्रतीवर मी ती बाई पाहिल्याचं मला आठवत नाही. पाहिली असती तर बोललो असतो. गर्दीची चित्रं मी वेगळी ठेवतो."

परत येताना भिंगवाल्यांनी स्वतःला समजावलं. दोन छापखान्यांत छापलं असेल. एकाकडे आधीचं चित्र गेलं, एकाकडे नंतरचं. आधीच्या चित्रावर कुणीतरी बाईचा तुकडा वरून चिकटवला, वेगळा, वाईट. एकच तुकडा सुटायला तेवढं कारण पुरे. कारण चांगलं होतं. घरी येऊन त्यांनी पुन्हा भिंग लावलं तेव्हा माप दीड मिलिमीटर आलं.

म्हणजे काल आपण चुकीचं मोजलं. एकोणतीस वर्षांत त्यांनी कधी चुकीचं मोजलं नव्हतं. पण आता ते निवृत्त होते, आणि निवृत्त माणसांबद्दलही त्यांचं मत फार बरं नव्हतं.

४

पुढच्या आठवड्यात एका दुपारी बायको खिडकीशी बसून कागदाच्या कडा साफ करत होती. मागून ऊन येत होतं. भिंगवाल्यांनी पेपरवरून मान वर केली आणि त्यांना तिच्या डाव्या खांद्याच्या बाहेर एक लाल रेघ दिसली. दोऱ्याएवढी. उजव्या खांद्याबाहेर निळी.

त्यांनी चष्मा पुसला. रेघा होत्या. खिडकीच्या गजांना नव्हत्या, पडद्याला नव्हत्या, तिच्या खुर्चीला नव्हत्या.

"जरा इकडे ये."

"का?"

"ये गं."

ती येऊन समोर उभी राहिली. उन्हातून बाहेर आल्यावर रेघा फिकट झाल्या, पण गेल्या नाहीत. तिच्या भुवईच्या खाली आणखी एक भुवई होती, पिवळसर, असून नसल्यासारखी.

"दमतेस का हल्ली?"

"नाही. फक्त कधीकधी दाराला खांदा लागतो. दार जिथे वाटतं तिथे नसतं." ती हसली. "चष्म्याचा नंबर वाढला असेल. भूगोलाच्या बाईला दार सापडेना."

भिंगवाले डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तिला न नेता, स्वतःच. डॉक्टरने दिवा मारला, अक्षरं वाचायला लावली, थेंब घातले.

"मोतीबिंदू नाही. पडदा स्वच्छ. या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत."

"मला कडा दुहेरी दिसतात."

"कशाच्या?"

माझ्या बायकोच्या, असं म्हणावं लागलं असतं. ते ऐकून या तरुण डॉक्टरच्या तोंडावर जी समजूतदार मुद्रा आली असती तिच्याबद्दल त्यांना आधीच तिटकारा वाटू लागला. "अक्षरांच्या," ते म्हणाले, आणि थेंबांची बाटली घेऊन परत आले.

घरात शिरताना त्यांना भिंतीवरच्या फ्रेमा टकटकल्यासारख्या वाटल्या. दार आपटलं की टकटकायच्या त्या, हलक्या होत्या. पण दार त्यांनी सावकाश लावलं होतं. बायको आतल्या खोलीत झोपली होती. ते तिच्या उशाशी उभे राहिले. झोपलेल्या तिच्या छातीवर चादर वर-खाली होत होती. चादर आधी वर होई, आणि मग ती.

५

भिंगवाले भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांना माणसांत धरत नसत. चित्र उचलून जाळून टाकावं, असं त्यांच्याही मनात येऊन गेलं, आणि ते आलं याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी उठून हात धुतले. जाळणं म्हणजे मान्य करणं. शिवाय ती विचारील, कुठे गेलं माझं बुटांचं दुकान, आणि काय सांगायचं?

पण चूक दुरुस्त करणं हे वेगळं. ते काम होतं. छापखान्यात हजार कागदांवर एकच दोष आला तर तुम्ही हजार कागद पुसत बसत नाही. दोष जिथून येतो तिथे जाता. तिच्या खांद्याची लाल रेघ डावीकडे, निळी उजवीकडे; चित्रातल्या बाईचीही तशीच. मूळ तिथे आहे. मूळ सरळ केलं की पुढचं सगळं सरळ येतं. हे त्यांनी एवढ्या वेळा केलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मंगळवारी मेहुणी बायकोला तपासणीसाठी घेऊन गेली. दहा वाजता भिंगवाल्यांनी फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले आणि मुखपृष्ठ टेबलावर ठेवलं. पाण्याचे रंग, तीन केसांचा ब्रश, टीपकागद, भिंग. वाईट काम सुधारताना त्यांना नेहमीच बरं वाटे. आपल्याहून गाढव असलेल्या कुणाच्या तरी पाठीवर बसल्यासारखं.

बाहेर सांडलेला लाल त्यांनी कोठाराच्या दाराच्या रंगाने बुजवला. जिथे लाल पोचला नव्हता तिथे ठिपक्या-ठिपक्याने घातला. निळ्याचंही तसंच. काम वाटलं होतं त्यापेक्षा कमी होतं. दोष आता अर्धा मिलिमीटरच उरला होता, कुणीतरी आधीच बरंच उरकून ठेवल्यासारखा. हे त्यांच्या लक्षात आलं, पण हातात ब्रश होता.

घर शांत होतं. नळातून एक थेंब पडला. फ्रिज घरघरून थांबला. भिंतीवरच्या फ्रेमा एकदा टकटकल्या, वरच्या ओळीपासून खालपर्यंत, आणि मग थांबल्या. त्यांनी मागे पाहिलं नाही.

तीन वाजेपर्यंत कोट झाला, खांदे झाले, गळा झाला. तोंड शेवटी. तीन तोंडांची खिचडी एकेका ठिपक्याने निवळत गेली आणि एक साधा चेहरा वर आला. तरुण नाही, म्हातारा नाही. त्या चित्रात एकटा असा की ज्यावर दात दाखवलेले नव्हते. उजव्या डोळ्यात निळ्याचा एक ठिपका घालायचा राहिला होता. भिंगवाल्यांनी श्वास धरून तो टेकवला.

चूक संपली. त्यांनी भिंग लावलं. ती नेमकी होती, विक्रेत्याहून, बुटांहून, त्यांनी आयुष्यात पास केलेल्या कुठल्याही कागदाहून नेमकी. आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून, त्यांच्या मागे बघत होती.

मागे घराचं दार होतं. कुलपात किल्ली फिरली.

६

"भाऊजी, पेढे द्या," मेहुणी आत येत म्हणाली. "ताई ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, हृदय घड्याळासारखं चालतंय."

"पुढे हो ना," बायको तिच्यामागून म्हणाली.

भिंगवाल्यांनी वळून पाहिलं.

मेहुणी टेबलाशी आली, चित्र बघून छान म्हणाली, मग डोळे चोळले. "तुमच्या खोलीत उजेडाचं काय झालंय? डोळ्यांवर येतोय." ती पाणी प्यायली, बहिणीला मिठी मारायला गेली, अंदाज चुकून खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि स्वतःवरच हसली. "चल, मी निघते. मलाही तपासून घ्यायला हवं." ती गेली.

बायको खुर्चीत बसली. आधी काळ्या रेघांची ती बसली, मग बाकीची. लाल तिच्या डावीकडे वीतभर होता, निळा उजवीकडे, आणि पिवळा थोडा मागे, तिची सावली असावी तसा. मधे, जिथे चारही एकमेकांवर असायला हवे होते, तिथून मागची खुर्ची दिसत होती.

यंत्रावर कागदाचा एक कोपरा ओढून जुळवला की दुसरा कोपरा सुटतो. छापखान्यातल्या झाडूवाल्यालाही हे ठाऊक असतं.

"असं काय बघताय?" ती म्हणाली. "दुरुस्त केलंत ना तिला? मला ठाऊक होतं, तुमच्याने राहवणार नाही." आवाजात कौतुक होतं. "चांगली दिसतेय आता. आधी बिचारीला चेहराच नव्हता."

भिंगवाले तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि तिचा हात धरायला गेले. दिसत होता तिथे हात नव्हता. चाचपडल्यावर चार बोटं बाजूला सापडला. गरम होता.

"तुम्ही रडताय?"

"नाही. जरा डावीकडे सरकतेस?"

"का?"

"सरक ना. थोडंसं. केसभर."

ती सरकली. लाल जवळ आला, निळा लांब गेला.

"झालं?"

"आता उजवीकडे. त्याच्या अर्धं."

"काय चाललंय तुमचं," ती म्हणाली, पण सरकली. ती चौतीस वर्षं त्यांच्यासाठी अशी सरकत आली होती. फोटोत, रांगेत, बिछान्यात. भिंगवाले डोळे बारीक करून बघत राहिले. एक रंग आला की दुसरा निसटत होता. डावीकडे. मान खाली. जरा मागे. नाही, एवढं नाही. प्रत्येक वेळी ती विचारत होती, झालं? आणि प्रत्येक वेळी अंतर वाढत होतं. त्यांच्या हातातला हात अजून गरम होता, पण तो कुठल्या खांद्याचा आहे ते आता सांगता येत नव्हतं.

त्यांच्या पाठीमागे, टेबलाच्या बाजूला, नवं चामडं करकरलं. कुणीतरी पहिल्यांदाच बूट घालून, बोटं वाकवून बघावीत तसं. मग एक पाऊल.

त्यांनी मान वळवली नाही. वळवली असती तर तिच्यावरची नजर सुटली असती, आणि ती सुटली तर परत कुठे ठेवायची हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आता?" तिने विचारलं. आवाज खुर्चीतून आला नाही. खिडकीजवळून आला, थोडा वरून. "आता बरोबर आहे का हो?"

खुर्चीत एक पिवळा डाग होता. खिडकीच्या काचेवर निळं काहीतरी. काळ्या रेघा कुठे आहेत ते दिसेना.

भिंगवाल्यांनी एकोणतीस वर्षांत कधी कुणाला बरं वाटावं म्हणून मान हलवली नव्हती. त्यांनी ती हलवली.

"हो," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे. आता हलू नकोस."